झाकणावरच्या रेघा

दक्षिण कोरियातल्या देगूच्या प्रयोगशाळेतून जेवायला निघताना सोदाम मिरानला म्हणाली, “ताई, माझी पेशींची प्लेट हलक्या हातानं तीनदा धुवाल?” कर्करोगाची गाठ रक्तवाहिनीच्या भिंतीचा चिकटपणा घालवते, मग रोगाशी लढणाऱ्या पेशी आत न शिरता घसरून जातात. तो चिकटपणा परत आणण्यात मिरानची सात वर्षं गेली. ही काल आलेली पोरगी म्हणे आठ महिन्यांत जिंकली. तिच्या प्लेटमध्ये तशीच भिंत होती, आणि धुतल्यावरही पेशी तिला चिकटून राहिल्या तरच ते सिद्ध होणार होतं. मिरानचा जळफळाट झाला. पेशी वाहूनच जाव्यात म्हणून तिनं पाण्याचा जोर लावून प्लेट दहादा धुतली, आणि सात वर्षांच्या सवयीनं दर धुण्याला झाकणावर रेघ ओढली. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी येऊन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. पेशी भिंतीला चिकटूनच होत्या. त्यांनी रेघा मोजल्या. “दहा? तीन धुण्यांवर कुणीही शंका घेतली असती. तू सगळ्यांची तोंडंच बंद केलीस.” परतलेली सोदाम कमरेत वाकली. “ताई, शोधनिबंधाच्या आभारांमध्ये पहिलं नाव तुमचं.”