चेहरा ओळखणारं फाटक

ओवीच्या शाळेने चेहरा ओळखून उघडणारं फाटक बसवलं आणि मुलांना न्यायला येणाऱ्यांचे फोटो मागवले. ओवीच्या आईने, वेदिकाने, स्वतःचा आणि नवऱ्याचा पाठवला. विंचूर गावाहून राहायला आलेल्या सासूबाईंचा मात्र मुद्दाम टाळला; गंगापूर रोडच्या त्या उच्चभ्रू शाळेबाहेर डोक्यावर पदर घेतलेली आजी तिला नको होती.

आज वेदिका ऑफिसात अडकली, म्हणून सासूबाईच ओवीला आणायला गेल्या. वेदिका धावतपळत पोहोचली, तेव्हा बंद फाटकाआड ओवी रडत होती आणि बाहेर सासूबाई पदर सावरत उभ्या होत्या.

"आई, या मशीनचं असंच असतं," ती नजर चुकवत म्हणाली.



"पदर आडवा येत आसंल म्हणून चारचौघांत डोक्यावरून खाली घेतला गं पोरी. तरीबी नाय वळखलं त्यानं मला."