दाण्याला तोंड लावेना

केसरबाईंच्या बमरोलीच्या घरात मुलानं हौसेनं काचेच्या टाकीत पाळायला आणलेला ऑस्कर मासा अळ्यांशिवाय काही खाईना. माशांच्या खाद्याचे दाणे टाकले की तोंडात घ्यायचा आणि पचकन थुंकायचा. मुलगा म्हणाला, "दुकानात परत देऊन टाकू."

"परत कशाला? असल्या नखरेलांची जिरवायची कशी, ते मला विचार!" केसरबाईंनी मासा आपल्या ताब्यात घेतला.

गुजराती सुनेनं, हेतलनं, लग्नानंतर पहिल्यांदा केलेली गूळ घातलेली डाळ त्यांनीही अशीच थुंकली होती. "हे वरण आहे का बासुंदी?" तेव्हापासून घरात खानदेशी तिखटजाळ डाळच शिजायची आणि हेतल ताकाशी भात खाऊन उठायची.

केसरबाईंनी दाणे लसणाच्या रसात भिजवले, अळ्यांत चिमूटभर मिसळले, रोज थोडे वाढवत नेले. आज माशानं नुसते दाणे गपकन गिळले.

"बघ गं! हट्टी जिवाला उपाशी मारायचं नसतं. त्याच्या आवडीच्या घासात आपला घास लपवायचा. मेल्याला पत्तासुद्धा लागला नाही!"

"शिकले, मम्मी," म्हणत हेतलनं जेवण वाढलं. केसरबाईंनी डाळीसाठी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली, तशी ती हळूच म्हणाली, "तुम्ही अळ्यांत दाणे मिसळायला लागलात ना, त्याच दिवसापासून मी डाळीत गूळ वाढवतेय."

केसरबाईंचा घास तोंडातच राहिला. काचेआडून मासा टक लावून बघत होता. थुंकावं की गिळावं? त्यांनी गिळला.

"वाढ आणखी. तुझ्या भातावरही घे. आणि त्या मेल्याला सांगू नकोस."