जनरेटरला घातलेला हार

“ह्यो अल्टरनेटर! इंजिन फिरलं की हितं वीज तयार हुती!” गाडीच्या मागून सयाजीचा आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला. पलीकडे दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या त्याच्या बायकोनं, अंकितानं, चिमटा असा दाबला, की मोडलाच.

सयाजीनं कारवॅन घेतली होती. आत पलंग, शेगडी, एसी; एसीच्या विजेसाठी मागं जनरेटर. पाहुण्यांना अक्कलकोट-तुळजापूर फिरवायचं. गाडीवर मदतीला तेजश्री आली, आणि रोज संध्याकाळी दोघं जनरेटरपाशी उकिडवी बसायला लागली. थंड इंजिन सुरू करायचा हा चोक, वीज तोडायचा हा ब्रेकर, ही हवेची जाळी. अंकितानं सगळं ऐकलं, जळत जळत. आधी त्यानं तिलाच विचारलं होतं, “शिकतीस का? मंग दोघंच जाऊ की गाडीवर.” तेव्हा तिनं नाक मुरडलं होतं, “ते काळं तेल तुमालाच लखलाभ!” पण म्हणून काय लगेच दुसरी शोधायची? लोखंडाची सवत तिनं कशीबशी सोसली होती. ही हाडामासाची कशी सोसायची, सांगा!

खंडेनवमीला तर कहरच झाला. जनरेटरची पूजा करून सयाजीनं झेंडूचा हार तेजश्रीच्या हातात दिला. अंकितानं तो हिसकावला आणि स्वतःच जनरेटरला घातला, चांगला दुहेरी करून. मान घरच्या बाईचा, आल्यागेल्याचा नव्हे!

दुपारी पुण्याचे पाहुणे गाडीत बसले, एसी सुरू झाला. थोड्या वेळात जनरेटर आचके देत बंद पडला. आत पोरं किरकिरायला लागली. सयाजी पाहुण्यांची समजूत काढत होता आणि तेजश्री नुसती हाताची घडी घालून उभी होती.

अंकिताच्या अंगाचा तिळपापड झाला. “बघत काय बसलीयास, बया? हारानं जाळी झाकलीय, तापलंय ते!” तिनंच हार ओढून काढला, ब्रेकर पाडला. जरा निवू दिलं. तेजश्रीचा हात पुढं आला तशी ती कडाडली, “चोक ओढू नगंस, इंजिन गरम हाय!” मग बटण दाबलं. जनरेटर सुरू झाला.

तेजश्री हसायलाच लागली.

“वयनी, मी आयटीआयची इलेक्ट्रिशियन हाय. मला अल्टरनेटर कळत न्हाय व्हय? दादा वरडून वरडून सांगत हुते, ते दोरीपाशी उभी राहणारीला. माझं काम तुमी शिकेपर्यंतच ठरलंय.”