अंगठे आत

"अंगठे आत, टाचा बाहेर," फोटोवालीने सांगितलं. टेबलावर निजलेल्या आजींनी डावा पाय आत वळवला. उजवा बाहेरच कलंडून पडला होता.

"वळव ना गं आई," दाराशी उभा असलेला मुलगा म्हणाला. "साधा पाय तर वळवायचाय."

खुब्याचा एक्स-रे काढायचा तर पाय आत वळवून दोन्ही अंगठे चिकटपट्टीने जोडून ठेवावे लागतात. नाही तर मांडीच्या हाडाची मान फोटोत आखूड दिसते आणि तिच्यात काही मोडलं असलं तरी लपून राहतं. बावीस वर्षं फोटोवाली हेच करत आली होती. कुठला पाय हट्टाने वळत नाही आणि कुठला वळूच शकत नाही, हे तिच्या हाताला कळायचं.

मुलाच्या हातात एकोणीस दिवसांपूर्वीचा रिपोर्ट होता, आई न्हाणीघरात घसरली त्या दिवशीचा. इतक्यांदा उघडून दाखवलेला, की घडीवर फाटायला आला होता. यात स्वच्छ लिहिलंय, तो सांगू लागला, हाड मोडलेलं नाही. पण हिचं आपलं एकच, दुखतंय. नाचता येईना अंगण वाकडं. चालवा, नाही तर अंथरूण धरतील, असं हाडांचे डॉक्टरच म्हणाले होते, म्हणून तो स्वतः रोज सकाळी तिच्याकडून वीस फेऱ्या घालून घ्यायचा, खोलीपासून गॅलरीपर्यंत, कामावर उशीर झाला तरी. आता आणखी एक फोटो काढा, म्हणजे हिची खात्री पटेल. माणूस वाईट नव्हता. दमला होता, आणि त्याच्याकडे कागद होता.

फोटोवालीने कागद वाचला. 'हाड मोडलेलं नाही' याच्या वर आणखी एक ओळ होती. 'उजवा पाय नीट ठेवलेला नाही. फोटो काढताना काळजी घ्यावी.'

तिची कानशिलं तापली. तो फोटो तिनेच काढला होता, आणि या ओळीपायी तिने चारचौघांत बोलणी खाल्ली होती. पाय वळला नाही म्हणजे बाई कामचुकार, एवढंच आतल्या अंधाऱ्या खोलीत बसून फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांना सुचलं होतं. तिने चिठ्ठीवर लिहूनही दिलं होतं, पाय वळवला की ओरडतात. चिठ्ठी वाचतो कोण? आणि तेव्हा ती मूग गिळून गप्प बसली होती. त्याचाही राग आज या रागात मिसळला.

आजींच्या अंगावर चादर घालून ती तडक आतल्या खोलीत गेली. डॉक्टरांनी पडद्यावरची नजर काढली नाही. तीच केस ना, मी बघितलीय, काही नाही त्यात, असं म्हणून त्यांनी पुढचा फोटो उघडलासुद्धा.

"या वेळी तरी पाय नीट ठेव," ते म्हणाले.

"तुम्हीच ठेवा, सर. चला."

त्या खुर्चीतून डॉक्टरांना असं आजवर कोणी उठवलं नव्हतं. ते उठले, बहुधा तिला धडा शिकवायलाच. टेबलापाशी येऊन त्यांनी आजींचं पाऊल हातात घेतलं आणि आत वळवलं. जेमतेम बोटभर वळलं असेल. आजी ओरडल्या नाहीत. त्यांनी एका हाताने टेबलाची कड धरली आणि दुसऱ्या हातातल्या रुमालाचा बोळा तोंडात कोंबला. अगदी सवयीने. रुमालाला जागोजागी दातांनी भोकं पडली होती.

डॉक्टरांचा हात थांबला. फोटोवालीला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं आणि मग स्वतःची लाज वाटली. भांडण तिचं होतं आणि कळ आजींची.

"राहू दे. असाच काढ," डॉक्टर म्हणाले.

काचेमागच्या पडद्यावर फोटो उमटला. तो वाचायला शिकलेला डोळा लागत नव्हता. हाडाची मान वरच्या गोळ्यापासून सुटली होती आणि अख्खं हाड वर सरकलं होतं. डॉक्टरांनी जुना फोटो शेजारी लावला. त्या आखूड दिसणाऱ्या मानेतही एक रेघ होती, केसाएवढी. त्या दिवशी दोन स्क्रूंवर भागलं असतं. आता सांधाच बदलावा लागणार होता, आणि तोही या वयात.

"पाय ठेवला नव्हता, की ठेवता येत नव्हता?" फोटोवाली म्हणाली. "एवढं विचारलं असतंत तरी पुरे होतं."

डॉक्टरांच्या आधी मुलगाच बोलला. काचेमागे येऊन त्याने दोन्ही फोटो पाहिले होते, सगळं ऐकलं होतं. तोंडाला येईल ते तो बोलला, कोर्टात खेचतो म्हणाला, रिपोर्टचा चोळामोळा करून त्याने डॉक्टरांच्या अंगावर फेकला. ते खाली मान घालून ऐकत राहिले. बोलता बोलता मुलाची नजर काचेतून टेबलाकडे गेली, त्या रुमालावर थांबली, आणि त्याचे शब्द संपले.

फोटोवाली बाहेर येऊन आजींवर वाकली. आजी, हाड मोडलंय, तिने सांगितलं. पहिल्याच दिवशी मोडलं होतं. तुम्ही म्हणत होता ते खरं होतं.

आजींनी तोंडातला बोळा काढला. तिच्या मागोमाग आलेल्या मुलाकडे त्यांनी भीत भीत पाहिलं.

"म्हणजे आजच्या फेऱ्या नाहीत ना रे?"