दहाव्याला दिलेला शब्द

नदीकाठी पिंड मांडून तास उलटला, तरी कावळा झाडावरून हलेना. दहाव्याला आलेले आमदार जयसिंगराव सारखे घड्याळ बघत होते. गेलेल्या गेनूभाऊने आधी त्यांच्या वडिलांचा, मग त्यांचा प्रचार केला होता. मागणी एकच: नदीवर पूल.

"त्यांचा जीव त्यातच अडकलाय," गेनूभाऊची बायको म्हणाली. "सायेब, पुलाचं बोला."

जयसिंगराव चुळबुळले. "वहिनी, नव्या रचनेत तुमचं गाव शेजारच्या मतदारसंघात गेलं. आता माझ्या हातात काही नाही."

"ते आम्हाला सांगा. कावळ्याला कसली आलीया हद्द?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "निवडणुकीत तर न मागता शब्द देता की!"

सगळं गाव उन्हात ताटकळत त्यांच्याकडेच बघत होतं. एकदाचं सुटावं म्हणून जयसिंगरावांनी हात जोडले. "गेनूभाऊ, पूल मी करतो."

कावळा झपकन उतरला आणि पिंडाला शिवला.

लोक सुटकेचा निःश्वास टाकून अंघोळीला निघाले. जयसिंगरावांना मात्र दरदरून घाम फुटला. त्यांच्या शब्दावर इतक्या चटकन आजवर कुणीच विश्वास ठेवला नव्हता.