नाकाचे मलम

करंगळीवर मलमाचा वाटाण्याएवढा गोळा घेऊन सुन्निव्हाने तो उजव्या नाकपुडीत फिरवला आणि तोंड वाकडे केले.

“आई, एवढं लोणी तर आम्ही पावालाही लावत नाही,” तिचा मुलगा त्रोंदुर म्हणाला.

“तुझ्या पावाला जखम नाही झालेली. गप्प बस.”

टेबलावर सुरी होती. अलीकडे सासू, पलीकडे सून रान्व्हा. घरामागच्या फटींच्या लाकडी कोठीत, ऑक्टोबरात कापलेल्या मेंढ्यांचे मांस खाऱ्या वाऱ्यावर वाळत टांगले होते. नाताळच्या तोंडावर पहिला काप घरच्या कर्तीने घ्यायचा, ही फॅरो बेटांची रीत. तिने हुंगायचे, मांसाचा कोणता फरा मुरला आणि कोणता नासला ते सांगायचे, आणि तिच्या शब्दावर लेकराबाळांसह सगळ्यांनी निर्धास्त जेवायचे. मुरलेल्या आणि नासलेल्या वासात केसाचे अंतर असते. यंदा तर थंडी उशिरा पडली होती.

सुन्निव्हाचे नाक आतल्या गाठींनी बुजून गेले होते. राजधानीतल्या डॉक्टरांनी गाठी काढल्या, मलम दिले आणि बजावले: सकाळ-संध्याकाळ लावा, खपल्या ओढू नका. जखम भरेल, वासाचे मात्र सांगता येत नाही. जखम भरली. वासाबद्दल सुन्निव्हा चकार शब्द बोलली नाही. आज सकाळी तिने एवढेच जाहीर केले, की नाक परतले असेल तर सुरी माझी, नसेल तर रान्व्हाची.

लग्न होऊन आल्यापासून रान्व्हा सासूच्या मागोमाग त्या कोठीत जात आली होती. तिचे मत कधी कोणी विचारले नव्हते. त्या सुरीची मूठ आपल्या हातात कशी बसेल, हे तिने मनात कितीदा तरी पाहिले होते.

सुन्निव्हाने बोट नाकाशी धरले.

“या मलमाला मेंढीचा वास मारतोय. भिजलेल्या म्हाताऱ्या मेंढीचा. की भास होतोय मला? डॉक्टर म्हणाला होता, आधी आधी नसलेले वास येतात.”

“भासच तो,” त्रोंदुर म्हणाला. “औषधाच्या दुकानात मेंढी कशाला जाईल?”

“तुला नाही विचारलं. सूनबाई, तू सांग.”

रान्व्हाने सुरीकडे पाहिले. डबीचे झाकण रोज तीच उघडून देई. तो वास तिला पहिल्याच दिवशी आला होता. जिला वास येत नाही तिच्यापुढे तो विषय काढू नये, म्हणून ती गप्प राहिली होती. आताही ‘भासच’ म्हणून नुसती मान डोलावली की सुरी तिची होती.

“भास नाही, आई,” ती म्हणाली. “लोकरीची चरबी आहे त्यात. मला रोज येतो तो वास. तुमचं नाक परत आलं. सुरी तुमचीच.”

सुन्निव्हाने बोट रुमालाला पुसले. मग सुरी उचलली आणि मूठ सुनेपुढे धरली.

“मला कसलाही वास येत नाही,” ती म्हणाली. “जन्मभर मेंढ्या कातरल्या; लोकरीची चरबी माझ्या बोटांना कळते. तुझं नाक चांगलं आहे, हे मला केव्हाच ठाऊक होतं. स्वतःचं नुकसान होत असताना खरं बोलतेस का, तेवढंच बघायचं राहिलं होतं.”