विहिरीत सोडलेला कम्प्युटर

चंद्रपुरात पारा चौपन्नावर गेला, कूलर बंद पडला आणि देवाजींचं कृत्रिम हृदय चालवणारा घरचा कम्प्युटर तापून शिट्टी देऊ लागला. तो बंद पडला की हृदयही थांबणार! त्यांच्या बायकोनं, वच्छलानं, तो बॅटरीसकट बादलीत ठेवून अंगणातल्या कोरड्या विहिरीच्या गारव्यात सोडला. बादली खोल जाताच काठावर बसलेले देवाजी छाती धरून कळवळले, "वच्छे, सिग्नल तुटतोय!" तिनं घाबरून दोर ओढला, तर शिट्टी पुन्हा सुरू झाली. मधल्या एका जागी शिट्टी थांबली आणि त्यांचा श्वासही सावरला. दोर बांधायला जवळ खुंटासुद्धा नव्हता.

"हात भरून येतील गं."

"तुम्ही फक्त बोलत राहा," ती म्हणाली.

दिवस कलायला बराच अवकाश होता आणि घामेजल्या तळव्यांतून दोर हळूहळू निसटत होता.